प्रतिसाद: नवेगावबांध वगळू नका

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावाबद्दल 'वाघ दिसत नाही, सहलीतून नवेगावबांध वगळा' असं वर एकाने लिहिलंय. आपण नागपूरकरांनी तरी असं म्हणू नये! १८व्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव. भोवती सातबहिणींचे डोंगर, त्यांच्या उतारांवरचं पावसाचं पाणी थेट खाली उतरतं. १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, पण खरी श्रीमंती काठच्या उथळ पाण्यात. तिथे पाणवनस्पती, मासे, किडे सगळं मुबलक, म्हणूनच थंडीत बाहेरून येणारी बदकं इथे उतरतात. लांबलचक बोटांचा कमळपक्षी तरंगत्या पानावरून चालतो तेव्हा पान जेमतेम दबतं, ते एकदा पाहाच. डिसेंबर-जानेवारीत साकोलीमार्गे जा, सकाळी लवकर पोहोचा आणि दुर्बीण नक्की घ्या.