अनुभव धागा : जग रचण्याची स्पर्धा, तुमच्या बाजूने

गेल्या वर्षी चतुर्थी आटोपल्यावर आम्ही सहा जणांनी जग रचण्याची एक ऑनलाइन स्पर्धा भरवली. वर्ल्डबिल्डिंग म्हणतात ती. कथा मागितली नव्हती, प्रदेश मागितला होता. तिथे पाणी कुठून येते, लोक काय खातात, कुणाला भितात, भांडण झाले तर कुणाकडे जातात. मजकूर 1,500 शब्दांपर्यंत, हाताने काढलेला एक नकाशा, आणि त्या जगातल्याच कुणीतरी लिहिलेला एक कागद. पावती, पत्र, नोटीस, काहीही चालेल असे सांगितले होते.

कागदाची अट मी हट्टाने घातली होती. डिचोलीच्या एका ताईंनी त्या अटीखाली गाऱ्हाणे पाठवले, त्यांच्या जगातल्या देवासमोर मानकरी घालतो ते. आधी कुणाचे नाव घ्यायचे, कुठली शीव कुणाची, परमुलखात गेलेल्या लेकरांसाठी काय मागायचे, कुठली रोगराई वेशीबाहेर अडवायची. दीड पानात अख्खा गाव डोळ्यांसमोर आला. त्याच प्रवेशिकेत राजघराण्याच्या सहा पिढ्यांची यादीही होती. तिच्यातले एक नावही मला आज सांगता येणार नाही, गाऱ्हाणे मात्र जवळजवळ पाठ आहे.

आपल्याकडे गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळा-फुलांची माटोळी बांधतात तेव्हा ती नुसती दिसायला छान असून भागत नाही. रानात हिंडून काय काय मिळवले, त्याची नावे बांधणाऱ्याला ठाऊक आहेत का, याला मोल असते. स्पर्धेत मला तेच हवे होते.

यंदा पावसात दुसरी फेरी घेणार आहोत. त्याआधी ज्यांनी लिहिले, तपासले, नुसते वाचले, त्या सगळ्यांनी आपापला अनुभव सांगावा. गोड तसा कडूही. नावे नकोत, गाव आणि भूमिका पुरे. नियम यावरून बदलणार आहोत, म्हणून मोकळेपणाने लिहा.

दिवाडी, स्पर्धक

माझ्या जगाला दोन चंद्र होते. एक मोठा, एक धाकटा. खाडीवर दोघांचे चांदणे पडलेले मला दिसत होते, म्हणून ते ठेवले. परीक्षकांच्या पत्रातले पहिलेच वाक्य होते : “तुमच्या खाडीत भरती केव्हा येते?”

मी पत्र मिटून ठेवले. आमचे घर खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीला, लागून. आजोबांचे अर्धे आयुष्य मानशीवर, बांधातल्या पाण्याच्या दारांवर, गेले. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटे, म्हणून आजची भरती कालच्यापेक्षा पाऊण तासाहून थोडी जास्तच उशिरा, अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप चढते, अष्टमीला कमी, हे मी पाढ्यांसारखे ऐकत वाढले. आणि स्वतःच्या जगात मात्र चंद्र नुसता शोभेला टांगला होता!

मग आठवडाभर वही घेऊन बसले. धाकटा चंद्र किती दिवसांत फेरी पुरी करतो ते ठरवले, दोघे एका ओळीत कधी येतात ते मांडले. त्या रात्रीला नाव दिले जोडभरती. आता पुढचे प्रश्न आपोआप आले. मानशीची लाकडी दारे माणसाने उघडायची नसतात. बाहेरून भरतीचे पाणी रेटले की ती मिटतात, ओहोटीला आतले पाणी रेटते तेव्हा उघडतात. पण जोडभरतीला पाणी दारांपाशी थांबत नाही, बांधावरूनच आत येते. मग गोडे शेत खारे. मग तिथे कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात हवे. मग बांध फुटला तर रात्री दोन वाजता कुणी धावायचे? आपल्याकडे हे काम गावकरीकडे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेकडे असे, आणि मानशीवरच्या मासळीची पावणी म्हणजे लिलाव होई. माझ्या जगात मी ठरवले की ज्याच्या घरात त्या वर्षी मूल जन्मले, त्या घराने पहिली टोपली माती टाकायची. का ठरवले ते मलाही नीट सांगता येत नाही, पण तिथून पुढे लिहिताना हात थांबला नाही.

प्रवेशिका बदलता येणार नव्हती, निकालावर याचा काही परिणाम झाला नाही. तरी सुधारलेली प्रत मी परीक्षकांना पाठवली आणि त्यांनी ती पुन्हा वाचली. यंदा एकदा सुधारून पाठवायची मुभा नियमातच ठेवा, ही विनंती.

फोंडा, परीक्षक

दिवाडीच्या ताई, तो प्रश्न माझाच होता. तुमची दुसरी प्रत मी जपून ठेवली आहे.

गुणांविषयी सांगतो, कारण तिथे आमची मोठी चूक होता होता राहिली. आम्ही तिघे परीक्षक, प्रत्येकाचे 100 गुण, तिन्हींची बेरीज, असे ठरले होते. मी बरीच वर्षे शाळेत पेपर तपासले, त्यामुळे माझे गुण 35 पासून 82 पर्यंत पसरलेले. दुसऱ्या बाईंनी सगळ्यांना 70 ते 78 च्या मध्ये ठेवले. वरवर पाहता त्या उदार आणि मी कडक. पण बेरीज केल्यावर दिसले की निकाल जवळजवळ माझ्या एकट्याच्या मनासारखा लागला आहे. त्यांच्या पहिल्या आणि दहाव्या पसंतीत चार गुणांचे अंतर, माझ्या तेवढ्याच पसंतींत तीस. त्यांनी इतके मन लावून वाचले, आणि त्यांच्या मताला वजनच उरले नव्हते. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गुण बाजूला ठेवले. प्रत्येकाने आपापला क्रम लावला, क्रमांकांची बेरीज केली, ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. पहिला क्रमांक बदलला. निकाल जाहीर व्हायचा होता म्हणून कुणी दुखावले गेले नाही. यंदा सुरुवातीपासून असेच करावे, आणि तपासणीआधी तिघांनी एकच नमुना वाचून त्यावर बोलून घ्यावे.

आणखी एक. नावे झाकली होती, पण नकाशे हाताने काढलेले. एका नकाशावरचा ‘ळ’ पाहताच मी ओळखले, ही माझी जुनी विद्यार्थिनी. गोवा केवढासा! मी लगेच संयोजकांना कळवून ती प्रवेशिका सोडली. नकाशावरची नावे दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावीत का, यावर विचार करा. हाताच्या अक्षरांचा गोडवा जाईल, याचे मला वाईट वाटते.

मडगाव, तांत्रिक मदत

थोडक्यात लिहिते. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रवेशिका आमच्याकडे उघडल्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडच हवे, हे ठळक लिहा आणि दोन ओळींचा नमुना आधी मागवा. नाव झाकायचे तर फाइलचे नाव बदलून पुरत नाही, फाइलच्या माहितीत लेखकाचे नाव राहते. मी प्रत्येक मजकूर नव्या कोऱ्या फाइलमध्ये चिकटवला. नकाशाचा फोटो दिवसाच्या उजेडात, वरून सरळ काढावा. आणि पावसात घेणार असाल तर शेवटची तारीख वीज जाण्याचा हिशेब धरून ठेवा. गेल्या जूनमध्ये आमच्या भागात एका वादळानंतर दोन दिवस दिवे नव्हते.

दुबई, स्पर्धक, मूळ पेडणे

“रविवारी रात्री 12 पर्यंत” असे जाहीर झाले होते. रविवार सुरू होतानाचे 12 की संपतानाचे? आणि कुणाच्या घड्याळातले? इथे आम्ही भारतापेक्षा दीड तास मागे, माझा चुलतभाऊ लिस्बनला, तो आणखी मागे. कामावरून येऊन मी पाठवली तेव्हा इथे साडेदहा वाजून गेले होते, तिकडे तारीख बदललेली. संयोजकांनी आपल्या मनाने निर्णय न घेता वेळेत पाठवलेल्या सगळ्यांना विचारले, आणि एकानेही नाही म्हटले नाही. परदेशात एकट्या खोलीत तो निरोप वाचताना मला रडू आले. यंदा “सोमवारी सकाळी 10, भारतीय वेळ” असे लिहा, प्रश्नच मिटेल.

साखळी, स्पर्धक, इयत्ता अकरावी

माझ्या बेटावर सात भाषा, चार राज्ये, एक वाळवंट आणि एक बर्फाचा डोंगर होता. बेट केवढे ते मी लिहिलेच नव्हते. परीक्षकांनी विचारले, राजाचा दूत सकाळी निघून दुपारी दुसऱ्या टोकाला पोचतो, तो कशाने? मी म्हटले चालत. त्यांनी उत्तरात लिहिले, उत्तरेच्या तेरेखोलपासून दक्षिणेच्या पोळेपर्यंत गोवा सुमारे 105 किलोमीटर, माणूस दिवसाला 25 चालला तरी चार दिवसांहून जास्त. मग मी ट्रेसिंग पेपरवर गोवा काढून माझ्या बेटावर ठेवला आणि ठरवले की माझे बेट असे दहा गोव्यांएवढे. आपला गोवा 3,702 चौरस किलोमीटर, म्हणजे बेट 37,000 च्या आसपास. दूताला आता वाटेत मुक्काम करावा लागतो, आणि त्या मुक्कामाच्या धर्मशाळेतच माझी सगळ्यांत चांगली दोन पाने घडली.

वाळवंट मी डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला काढले होते. माझी आई चोर्ला घाटातून बेळगावला नेहमी जाते. ती म्हणाली, अगो, ढग समुद्रावरून येतात, डोंगर चढताना अलीकडेच रिकामे होतात, कोरडे पलीकडे हवे. वाळवंट उचलून पूर्वेला नेले. स्पर्धेत माझा नंबर आला नाही, पण यंदा आईसुद्धा भाग घेणार आहे. एका घरातून दोघे चालतील ना?

वाळपई, वाचक

मला एका प्रवेशिकेचा त्रास झाला होता, तो इथे सांगते. लेखकाने आमच्या वाड्याजवळच्या देवराईतल्या राखणदाराचे, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचे, खरे नाव घेऊन त्याला कपटी मांत्रिक केले होते. बाहेरच्याला ते नुसते छान नाव वाटले असेल. आम्ही त्याच्यापुढे अजून नारळ ठेवतो, त्याच्या रानातली काटकी उचलत नाही. मी संयोजकांना लिहिले, आणि मला भीती होती की “कल्पनाच आहे हो ती” असे उत्तर येईल. तसे आले नाही. त्यांनी लेखकाशी माझे बोलणे करून दिले. तो मुलगा वास्कोचा, त्याने ते नाव कुठे तरी वाचले होते. त्याने नाव बदलले, आणि मला विचारले, राखणदार रात्री फिरतो तेव्हा काय आवाज येतो? मी सांगितले, काठीचा आणि घुंगरांचा, वहाणांचाही. त्याच्या नव्या प्रतीत तो आवाज आहे, आणि त्या पात्राचा कपटीपणा त्याने काढून टाकला आहे. नियम एवढाच करा : पुजला जाणारा खरा देव, खरे नाव, खरे स्थळ घ्यायचे असेल तर त्या गावातल्या एकाला तरी आधी विचारावे.

संयोजक

वाळपईच्या ताई, हा नियम तुमच्या शब्दांतच जाईल. साखळीच्या बाय, आईला जरूर आण. पण एकमेकींचे वाचायचे ते प्रवेशिका पाठवल्यावर.

कोकणी शब्दांवर कुणीच लिहिले नाही, म्हणून मीच सांगते. गेल्या वेळी पुण्याच्या एका वाचकांनी विचारले होते की ‘पुरुमेंत’, ‘कुळागर’, ‘पोदेर’ अशा शब्दांचे अर्थ तळाशी द्यायला लावावेत का. आमचे मत, सक्ती नसावी. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी करणाऱ्या बाईचे सुके मासे आणि मिरच्या पानावर दिसल्या की पुरुमेंत म्हणजे काय ते कळते. कुणाला सूची द्यायचीच असेल तर ती 1,500 शब्दांत धरणार नाही.

सांगे, स्पर्धक

सगळ्यांत शेवटी लिहिते आहे, कारण लिहू की नको असे होत होते. माझे माहेरचे मूळ गाव कुर्डी, साळावलीच्या धरणाखाली गेलेले. लोकांना वाडे आणि वालकिणीला नेऊन वसवले. मे महिन्यात पाणी उतरले की गाव वर येतो, सोमेश्वराचे देऊळ दिसते, माणसे परत जातात, उत्सव होतो. पावसाबरोबर पुन्हा सगळे खाली. मी जन्मले ती नव्या वसाहतीत.

माझे जग म्हणजे असा प्रदेश, जिथले प्रत्येक गाव वर्षातून एकच महिना पाण्याबाहेर असते. लग्ने, वाटण्या, भांडणांचे निवाडे, सगळे त्याच महिन्यात. उरलेले अकरा महिने लोक होड्यांवर राहतात, आणि खालच्या आपल्या घरावर होडी नांगरतात. कागद म्हणून मी दोन भावांच्या वाटणीपत्राचा मसुदा दिला होता, त्यात पाण्याखालच्या फणसाच्या खोडाचीही वाटणी होती. परीक्षकांनी विचारले, “घर नेमके खाली कुठे आहे, हे होडीतून कसे ओळखतात?” उत्तर माझ्याजवळ नव्हते, म्हणून नकाशा घेऊन आईकडे गेले.

ती लिहिलेले काही वाचत नाही सहसा. तिने चष्मा लावला, नकाशा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. म्हणाली, बांय (विहीर) इथे नव्हती. देवळाकडून येताना बांय उजव्या हाताला. मी म्हटले, आई, हे आपले गाव नाही, मी मनाने केलेले आहे. ती म्हणाली, असू दे, पण बांय उजवीकडे. मग तिने पेन्सिल मागून घेतली, आणि विहिरीपासून त्यांच्या दारापर्यंतची पावले ओठांतल्या ओठांत मोजत रेघ ओढली. चव्वेचाळीस. माझ्या जगातले लोक आता तशीच घरे ओळखतात, विहिरीपासून पावले वल्ह्यांनी मोजून.

तो पेन्सिलीचा नकाशा मी यंदा पाठवणार आहे. अक्षर आईचे आहे, फोंड्याचे परीक्षक ओळखणार नाहीत.