‘खननक्षमता’ वाढली म्हणजे नेमकं काय वाढलं?

प्रश्न: ‘बिटकॉइनची खननक्षमता विक्रमी पातळीवर’ असं बातमीत वाचलं. म्हणजे आता नाणी जास्त निघणार का? मूळ शब्द ‘हॅशरेट’ असावा. त्याला हा प्रतिशब्द बरोबर आहे का?

– नाणी तेवढीच निघतात, म्हणूनच हा शब्द खटकतो. हॅशरेट म्हणजे नवा ब्लॉक शोधायला जगभरची यंत्रं सेकंदाला किती अंदाज (हॅश) करून बघतात तो आकडा. क्षमता वाढली की उत्पादन वाढणार, असं आपण गृहीत धरतो. साखर कारखान्याची गाळपक्षमता वाढली की साखर वाढते, तसं इथे होत नाही. साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा), आणि एप्रिल २०२४ पासून त्यामागे ३.१२५ नवी नाणी, हे ठरलेलं. यंत्रं वाढली की दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, काठिण्यपातळी (ब्लॉक सापडणं किती अवघड, ते) चढते आणि वेग पुन्हा दहा मिनिटांवर येतो. वाढतात ते प्रयत्न. त्याच बक्षिसासाठी जास्त यंत्रं, जास्त वीज.

– मग सरळ ‘हॅशदर’ म्हणावं. रेट म्हणजे दर.

– नको. ‘हॅशदर वधारला’ म्हटलं की लोकांना कांद्याचा भाव आठवणार. आधीच हॅशरेट आणि बिटकॉइनची किंमत यांची गल्लत होते. शिवाय हा आकडा कुठल्या मीटरवर दिसत नाही. ब्लॉक किती वेळाने सापडले आणि काठिण्य किती होतं, यावरून तो अंदाजाने काढतात. एखाद्या दिवशी दहा टक्के उसळी दिसली तर तो निव्वळ नशिबाचा खेळही असू शकतो. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर ‘विक्रमी’ छापणं घाईचं.

– २०२१ चं उदाहरण बघा. मे-जूनमध्ये चीनने मायनिंगवर बडगा उगारला. सिचुआनमधली जलविद्युतवर चालणारी यंत्रं बंद पडली, शिनजियांगमधली कोळशाच्या विजेवरचीही. हॅशरेट जवळपास निम्म्यावर आला, ब्लॉक रेंगाळू लागले आणि ३ जुलैला काठिण्य सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं. मग तीच यंत्रं अमेरिका, कझाकस्तानात गेली आणि वर्ष संपेपर्यंत आकडा पूर्ववत झाला. अशा वेळी ‘क्षमता’ कोणाची घटली? यंत्रं शाबूत होती, फक्त बंद होती.

– एककांचं काय? एक्झाहॅश म्हणजे एकावर अठरा शून्यं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातला परार्ध सतराच शून्यांचा, म्हणजे एक एक्झाहॅश दहा परार्ध झाले! टेराहॅश (बारा शून्यं) मात्र बरोबर एक महापद्म. २०० टेराहॅशचं यंत्र सेकंदाला दोनशे महापद्म हॅश तपासतं. (बातमीत असं लिहू नका, संपादक फोन करील.)

– माझं मत: ‘हॅशरेट’ तसाच ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे ‘सेकंदाला होणारे प्रयत्न’ एवढं जोडावं. आणि वाढीचा अर्थही सांगावा: निम्म्याहून जास्त हॅशरेट हाताशी धरून जाळ्यावर कब्जा करणं आणखी महाग झालं, जुन्या यंत्रांना वीजबिलही परवडेनासं झालं.

– ‘खनन’ तरी कशाला? माणसं ‘मायनिंग’च म्हणतात.