मदत हवी आहे : वाड्याच्या वाटणीचा दावा मध्यस्थीने मिटवावा की लवाद नेमावा?

नमस्कार.

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमचा पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. त्याच्या वाटणीचा दावा काकांनी इथल्या दिवाणी न्यायालयात लावला असून, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली प्रकरण मध्यस्थीकडे पाठवावे का, अशी विचारणा मागच्या पेशीला झाली. चुलतभावाला मात्र हा वेळकाढूपणा वाटतो. ओळखीच्या एका निवृत्त वकिलांना लवाद नेमावे आणि ते देतील तो निवाडा सर्वांनी मानावा, असे त्याचे म्हणणे आहे. त्यासाठी सर्व पक्षांची लेखी संमती लागते आणि आत्या ती द्यायला तयार नाहीत. मला त्यांचे चुकते असे वाटत नाही, कारण 1996 च्या लवाद कायद्याप्रमाणे लवादाचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा (म्हणजे दाव्याच्या अंतिम निकालासारखा) अमलात येतो आणि कलम 34 खाली त्याला आव्हान देण्याची कारणे मोजकीच आहेत. मध्यस्थीत निदान पटले नाही तर सही न करण्याची मुभा राहते.

शिवाय वाड्याला जिना एकच, तोही काकांच्या बाजूने चढणारा, आणि विहीर परसात आमच्या अंगाला. न्यायालयाने आयुक्त (जागेची पाहणी करणारा माणूस) नेमून मोजणी करून घेतली तरी जिन्याचे दोन भाग कसे पाडणार? वाटणी होण्याजोगी नाही असे ठरले, तर 1893 च्या वाटणी कायद्याखाली वाड्याच्या विक्रीची मागणी होऊ शकते, आणि ती चुलतभावाखेरीज कोणालाच नको आहे.

मुख्य अडचण वेगळीच आहे. तळमजल्याच्या बदल्यात काका ग्वाल्हेरच्याच मुरार भागातला भूखंड आम्हाला द्यायला तयार आहेत, पण तो दाव्यात नाही. दाव्याबाहेरची स्थावर मिळकत तडजोडीत आली, तर नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे त्या हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते. तेव्हा दावापत्रात दुरुस्ती करून भूखंड आधीच आत घ्यावा की नोंदणीचा आणि मुद्रांकाचा खर्च धरूनच बोलणी करावीत? मध्य प्रदेशात असा व्यवहार केलेल्या कोणी प्रत्यक्ष अनुभव सांगितला तर फार उपयोग होईल.

मध्यस्थीने दावा मिटल्यास भरलेली पूर्ण कोर्ट फी परत मिळते, हे काकांच्या कानावर घातले आहे. त्याने त्यांचा सूर थोडा मवाळ झाला. आता धाकटा भाऊ पुण्याला असतो. तडजोडीच्या कागदावर त्याच्या वतीने मी मुखत्यारपत्रावर सही केली तर चालते, की त्याने स्वतः हजर राहिलेलेच बरे?