तीन महिन्यांच्या पिल्लाला चार किलोमीटर?

सोफा कुरतडतं म्हणून तीन महिन्यांच्या लॅब्रॅडॉरला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किलोमीटर चालवता, असं तुम्ही लिहिलंय. फार होतंय हो ते. आम्हीही आमच्या लॅबच्या वेळी हेच केलं होतं. दमलं की शांत होईल असं वाटायचं, पण अतिदमलेलं पिल्लू झोप आलेल्या पोरासारखं किरकिरतं आणि जास्तच चावतं. या वयात दिवसाचे १८-२० तास झोप लागते.

वयाच्या दर महिन्यामागे ५ मिनिटं, म्हणजे तुमच्याला एका वेळी १५ मिनिटं, हा आडाखा आहे. शास्त्रीय नियम नव्हे, पण पट्टा लावून चालवण्यापुरता बरा. घरात-अंगणात स्वतःच्या मर्जीनं बागडणं यात धरू नका. तिथं दमलं की ते आपोआप बसतं, पट्ट्यामागे मात्र फरफटत येत राहतं.

जिन्याचं खरंच मनावर घ्या. नॉर्वेत लॅब्रॅडॉरसकट चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा अभ्यास झाला होता. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्यांत खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त आढळला, मऊ जमिनीवर मोकळं खेळणाऱ्यांत कमी. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही म्हणता, तर सध्या उचलूनच न्या. (पाचव्या महिन्यात तुमची कंबर जाईल, ते वेगळं!)

पार्व्होच्या (कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) लशीचे डोस पूर्ण झालेत ना? नसतील तर रस्त्यावर उतरवू नका. कडेवर घेऊनच रिक्षा, भाजीवाले, पोरंटोरं दाखवा.

सोफ्याचं म्हणाल तर दुधाचे दात पडायची वेळ जवळ आलीय. ओला फडका गोठवून, समोर बसून चावायला द्या.