मदत हवी आहे: आयगेन व्हॅल्यू काढता येते, पण ती असते कशाची?

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याचा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी मराठी, बारावीपर्यंत शाळा गुजराती माध्यमाची, आणि आता कॉलेजात सगळं इंग्रजी. शाळेत ज्याला 'श्रेणिक' म्हणायचो त्याचं एका सुट्टीत मॅट्रिक्स झालं. माझ्या मराठीत गुजराती डोकावलं तर सांभाळून घ्या.

विषय व्हेक्टर कॅल्क्युलस आणि लिनियर अल्जेब्रा. मिड-सेमला 30 पैकी 9. पेपर कोरा सोडला असता तर समजलं असतं, मी पुरवणी घेतली होती!

अडचणी तीन.

एक, आयगेन व्हॅल्यू. मॅट्रिक्स घ्या, पहिली ओळ 2, 1 आणि दुसरी 1, 2. (2 − लॅम्डा) वर्ग वजा 1 बरोबर शून्य, लॅम्डा 3 आणि 1. हे झोपेतही जमेल. पण 3 म्हणजे कशाचे 3? सरांना विचारलं तर म्हणाले, "ते परीक्षेत येत नाही."

दोन, ग्रीन, स्टोक्स आणि गॉस. काठावरच्या हिशोबाचं आतल्या हिशोबाशी नातं सांगणारी ही तिन्ही प्रमेयं पाठ आहेत, पण प्रश्न बघून कुठलं लावायचं ते सुचत नाही. मग अंदाजपंचे.

तीन, गॉस एलिमिनेशन, म्हणजे ओळीतून ओळ वजा करत समीकरणं सोडवणं. 4 बाय 4 असलं की मध्येच कुठेतरी चिन्ह चुकतं आणि पुढचं दीड पान पाण्यात.

फायनलला पाच आठवडे आहेत. आई म्हणते क्लास लाव, बाबा म्हणतात आधी पुस्तक उघड. काय करू?

अर्धा_कप

9 म्हणजे बरेच की. आमच्या वेळी मला 4 होते आणि आज मी लोकांच्या पुलांची डिझाइनं तपासतो. (पूल उभे आहेत.) क्लासचं नंतर बघ. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पण नुसती बघत बसू नकोस, वही समोर हवी.

इंदुरी_ताई

तुझ्या सरांवर मी काही बोलत नाही. मी इंदूरला बीएस्सीला फिजिक्स शिकवते, पोर्शन संपवायची घाई काय असते ते ठाऊक आहे. पण 3 म्हणजे काय हा प्रश्न अगदी योग्य आहे.

तुझं मॅट्रिक्स बाजूला ठेव आणि बाण काढ. (1, 0) हा बाण त्यात घातला, म्हणजे मॅट्रिक्सने गुणला, की (2, 1) बाहेर येतो. म्हणजे लांबीही बदलली आणि तोंडही फिरलं. बहुतेक बाणांचं असंच होतं. आता (1, 1) घालून बघ, (3, 3) येतो. तोंड तिकडेच, फक्त तिप्पट लांब. हे तुझे 3. आणि (1, −1) घातलास तर तो जसाच्या तसा परत येतो, तो 1. आयगेन हा जर्मन शब्द, अर्थ 'स्वतःचा'. मॅट्रिक्सच्या स्वतःच्या अशा ज्या दिशा, त्यांवरचा बाण वळत नाही, फक्त ताणला जातो किंवा आखडतो.

आईकडून कणकेची गोल चकती मागून घे. एका तिरक्या रेषेत ती तिप्पट ताण, तिच्या काटकोनातल्या रेषेत हात लावू नकोस. लांबट पोळी होईल. तुझं मॅट्रिक्स एवढंच करतं.

परीक्षेसाठी एक पडताळा. आयगेन व्हॅल्यूंची बेरीज म्हणजे मुख्य कर्णाची बेरीज, 3 + 1 = 2 + 2. गुणाकार म्हणजे डिटरमिनंट (इथे दोन कर्णांच्या गुणाकारांची वजाबाकी), 3 × 1 = 4 − 1. दहा सेकंदांत कळतं चुकलं का ते.

एमटूवाला

ताई, कणकेचं उदाहरण आम्हाला पुण्यात कोणी का दिलं नाही? दोनदा केटी लागली नसती. बाकी सुरसागरकाठ, डिटरमिनंटला तुमच्याकडे गुजरातीत काय म्हणतात? आमच्या दहावीच्या पुस्तकात 'निश्चयक' होता, क्रेमरची पद्धत.

सुरसागरकाठ

गुजरातीत 'निश्चायक'. एका कान्याचा फरक :)

ताई, बाण काढले आणि पहिल्यांदा काहीतरी दिसलं. पण मग मी पहिली ओळ 0, −1 आणि दुसरी 1, 0 असं मॅट्रिक्स घेतलं. लॅम्डा वर्ग अधिक 1 बरोबर शून्य. दिशा गेल्या कुठे?

इंदुरी_ताई

तेच बाण त्यात घालून बघ. (1, 0) चा (0, 1) होतो, (0, 1) चा (−1, 0). प्रत्येक बाण 90 अंशांत वळतोय. न वळणारा एकही नाही, म्हणून वास्तव उत्तरही नाही. समीकरण तुला हेच सांगतंय.

आता तीन प्रमेयं. स्वयंपाकघरातच राहू. पापड, वाटी आणि झाकणाचा डबा. पापड सपाट, त्याला काठ आहे, तो ग्रीन. वाटी खोलगट, पण काठ आहेच, ती स्टोक्स. झाकण लावलेल्या डब्याला काठच नाही, फक्त आत आणि बाहेर, तो गॉस. प्रश्न वाचलास की आधी विचार, काठ आहे का? ग्रीन हा वेगळा पाठ करायचाच नाही, वाटी चपटी केली की पापड.

फसवतात ते झाकण काढून. समजा व्हेक्टर फील्ड (एक्स, वाय, झेड) आहे आणि 1 त्रिज्येच्या गोलाचा फक्त वरचा अर्धा भाग दिलाय, त्यातून बाहेर जाणारा फ्लक्स (आरपार प्रवाह) काढायचाय. डायव्हर्जन्स (फील्ड प्रत्येक बिंदूपाशी किती बाहेर फाकतं त्याचं माप) 3, म्हणून गॉस लावायचा मोह होतो. पण तळ उघडा आहे! तळाला चकती लाव, मग गॉस लाव. 3 गुणिले अर्ध्या गोलाचं घनफळ म्हणजे 2 पाय (π). आता चकतीतून जाणारा फ्लक्स वजा कर. तिथे झेड शून्य, म्हणून तो शून्य. उत्तर 2 पाय. हे झाकणाचं वाक्य उत्तरात लिहायचंच, मार्क तिथे असतात.

जाता जाता, स्टोक्सचं प्रमेय मुळात भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिनने 1850 साली स्टोक्सला पत्रातून कळवलं होतं. स्टोक्सने 1854 साली ते केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत प्रश्न म्हणून घातलं, आणि पेपर सोडवणाऱ्यांत पुढचा मोठा भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल होता. तेव्हा परीक्षेत काय येतं आणि काय नाही, यावर फार विसंबू नये.

निवृत्त_ओव्हरसियर

बाळा, मी पाटबंधाऱ्यात होतो, गणितातला पंडित नव्हे. पण चिन्ह चुकण्याचा रोग मलाही होता, त्यावर जुन्या साहेबांनी दिलेलं औषध सांगतो.

प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा रकाना ओढ आणि त्यात त्या ओळीची बेरीज लिही. ओळ 2, 1, 1, 5 असेल तर 9. दुसरी 4, 3, 1, 9 असेल तर 17. आता दुसरीतून पहिलीची दुप्पट वजा केलीस की 0, 1, −1, −1. बेरजेच्या रकान्यावरही तेच कर, 17 वजा 18 म्हणजे −1. नव्या ओळीची बेरीजही −1. जुळलं, पुढे जा. नाही जुळलं तर चूक याच ओळीत आहे, दीड पानानंतर नव्हे. आणि अपूर्णांक लवकर करू नकोस. कुठल्या ओळीच्या सुरुवातीला 1 असेल तर ती उचलून वर घे.

ग्रीनचं प्रमेय तर आम्ही वर्षानुवर्षं हाताने चालवलं, नाव माहीत नसताना. प्लॅनिमीटर म्हणून उपकरण असतं, आम्ही वापरायचो तो प्रकार अॅम्सलरने 1854 मध्ये काढलेला. त्याचं टोक नकाशातल्या हद्दीवरून फिरवत पुन्हा सुरुवातीच्या जागी आणायचं, की चाकावर क्षेत्रफळाचा आकडा. आत पाऊलही न टाकता, नुसत्या काठावरून! तलावाचं क्षेत्रफळ असंच काढायचो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश फिरवायचं, हात थरथरता कामा नये.

सुरसागरकाठ

काका, बेरजेच्या रकान्याने एका संध्याकाळी तीन चुका पकडल्या. तिन्ही उणे संख्या वजा करताना. क्लासचे पैसे वाचले असं बाबा म्हणतायत.

प्लॅनिमीटर डोक्यात ठेवून ग्रीनचं एक उदाहरण केलं. व्हेक्टर फील्ड (−वाय, एक्स), 2 त्रिज्येचं वर्तुळ. उत्तर क्षेत्रफळाच्या दुप्पट यायला हवं, म्हणजे 8 पाय. मला −8 पाय येतंय. चार वेळा केलं. आकडा बरोबर, चिन्ह उलटं. बेरजेचा रकाना इथे कसा लावू?

इंदुरी_ताई

इथे रकाना नाही, पायांचा प्रश्न आहे. ग्रीनमध्ये काठाने चालताना आतला भाग डाव्या हाताला हवा. देवळात प्रदक्षिणा घालतोस तेव्हा देव उजव्या हाताला असतो ना? याच्या बरोबर उलट. तू प्रदक्षिणेसारखा फिरलायस.

निवृत्त_ओव्हरसियर

म्हणजे दोष माझाच. आमचा प्लॅनिमीटर घड्याळाच्या दिशेने फिरवला की आकडा वाढायचा, तशी त्याची रचनाच. ते वाक्य मी लिहायला नको होतं. बाळा, तू उलटा फिर.

सुरसागरकाठ

फिरलो. 8 पाय.