कातळशिल्पांची नोंद: ड्रोनपेक्षा ऊन बरं?

सड्यावरचा:
कोकणात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कोरलेली चित्रं म्हणजे कातळशिल्पं. त्यांची नोंद म्हणजे हल्ली ड्रोन उडवायचा, शेकडो फोटो काढायचे आणि संगणकाकडून त्रिमिती मॉडेल करून घ्यायचं. माझा याला विरोध आहे. जांभा आधीच खडबडीत, त्यात झिजून उथळ झालेल्या रेषा अशा मॉडेलमध्ये हरवतात. त्याऐवजी कॅमेरा एका जागी घट्ट बसवा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोटो घ्या. ऊन सरकतं तसा दगडाचा प्रत्येक ठिपका कमी-जास्त उजळतो, त्यावरून तिथला उतार काढता येतो. रॉबर्ट वुडहॅम यांनी १९८० मध्ये मांडलेली ही रीत आहे. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवतात, तेही थांबेल.

रेखांश:
रीत खरी, पण प्रकाश तीन वेगळ्या दिशांनी आला पाहिजे आणि त्या तिन्ही दिशा एकाच प्रतलात नकोत. तिथेच सगळं अडतं. २१ मार्चच्या सुमारास सूर्य दिवसभर जवळपास एकाच प्रतलात फिरतो. पूर्व-पश्चिम गेलेली खाच घ्या. तिची एक भिंत उत्तरेकडे, दुसरी दक्षिणेकडे. दोन्ही एकदमच उजळणार, एकदमच मंदावणार, त्यांच्यातलं प्रमाण दिवसभर तेच. मग एक भिंत काळपट दिसते ती उतारामुळे की दगडावरच्या काळ्या थरामुळे? हजार फोटो काढलेत तरी उत्तर मिळणार नाही.

सड्यावरचा:
मार्चपुरतं मान्य. पण एकाच दिवसाचा हट्ट कशाला? रत्नागिरीच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी सूर्य डोक्यावरून सुमारे ४० अंश दक्षिणेला कललेला असतो आणि मेअखेरीस चार-पाच अंश उत्तरेला जातो. दोन्हीकडचे फोटो एकत्र केले की तुमच्या खाचेच्या दोन भिंती वेगळ्या वागतील. वेबकॅमच्या अनेक महिन्यांच्या फोटोंवरून इमारतींचे उतार काढल्याचं काम २०१२ मध्येच प्रसिद्ध झालंय.

ड्रोनवाला:
वेबकॅम खांबावर पक्का असतो हो. कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे. तो एका चौकटीत घ्यायला कॅमेरा किती उंच लावणार आणि सहा महिने हलू न देता कसा ठेवणार? मधल्या काळात गवत वाळतं, माती सरकते, म्हणजे दगडाचा चेहराच बदलतो. शिवाय या रीतीने हाती येतो तो फक्त उतार. उतार जोडत जोडत उंची काढायची, तर बारीक चुका साचत जातात आणि सपाट सडा परातीसारखा वाकलेला निघतो. मला शिल्पाचं माप हवंय. ते ड्रोनच्या फोटोंतून मिळतं.

रेखांश:
ड्रोनवाला यांच्याशी सहमत. आणखी एक, आभाळाचा उजेड. खाचेत सावली पडली तरी निळ्या आभाळाचा उजेड आत पोचतोच. तो हिशेबात धरला नाही तर खाच खरी आहे त्यापेक्षा उथळ निघते. एवढ्या भानगडीपेक्षा रात्री जा. दिवा हवा त्या दिशेला धरा, कॅमेरा तिवईवर. पुरातत्त्वात असं काम वीसेक वर्षं चाललंय.

सड्यावरचा:
हातभर चित्राला रात्रीचा दिवा उत्तम, माझी ना नाही. पण दिव्याचे किरण समांतर पडायला तो चित्राच्या लांबीच्या तीन-चार पट अंतरावर हवा. म्हणजे कशेळीला पन्नास मीटरवर, तोही सगळीकडे सारखा उजेड पाडणारा. ऊन मात्र सोंडेपासून शेपटीपर्यंत एकाच कोनात पडतं. आभाळाचं म्हणाल तर ढगांमुळे उजेडाची दिशा सूर्याच्या वाटेवरून ढळते, म्हणून तुरळक ढगांचा दिवस निरभ्र दिवसापेक्षा उपयोगी ठरू शकतो. माप ड्रोनचं घ्या, तक्रार नाही. रेषा मात्र त्याच्यावर सोडू नका.

राजापूरकर:
तुमचं चालू द्या, पण जिथे चिरेखाण सड्याला लागून आलीय तिथे मे महिन्याची वाट बघायला वेळ नाही. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेल्या जागांकडे निदान लोकांचं लक्ष तरी आहे. बाकीच्यांकडे आधी ड्रोन न्या, या आठवड्यात न्या.

सड्यावरचा:
खाणीलगतच्या जागांपुरतं मान्य, तिथे ड्रोनच. बारसूच्या, देवाच्या गोठण्याच्या कातळशिल्पांपाशी कॅमेरा लावून बसायची माझी तयारी आहे. डिसेंबरात आणि मेमध्ये कोण येतंय?