मदत हवी आहे - डस्ट कलेक्टरसाठी (भुसा ओढून घेणारं मशीन) ६ इंची फिटिंग कुठे मिळतील?

पुण्यात घरच्या गॅरेजमध्ये छोटं वुडशॉप आहे, कलेक्टरचं तोंड ६ इंची म्हणून मेन लाईन १६० मिमी एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या पीव्हीसी) पाईपची टाकायची आणि टेबल सॉ, प्लेनरला ११० चे फाटे काढायचे असं ठरवलंय. आता घोळ असा की दुकानात ९० डिग्रीचे एल्बो आणि टी ढीगभर, पण १६० वर ११० चा ४५ डिग्री वाय (तिरका फाटा काढायचा जोड) मागितला की दुकानदार नुसता बघत बसतो, आणि टी लावला तर हवा अडते न् भुसा तिथेच साठतो ना! कुणी एसी डक्टवाल्याकडून जीआय पत्र्याचे वाय बनवून घेतलेत का, खर्च किती आला? शिवाय ब्लास्ट गेट (फाट्यातली हवा बंद करायच्या सरकत्या झडपा) प्लायचे जमतील की ॲक्रेलिकचे बरे?